काकणं

प्रमोशनच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे :
'संशोधनातील महत्त्वाचे योगदान, शंभर शब्दांत.'
विश्रामबागेतल्या खोलीत पंखा फॉर्म उडवतोय,
त्यावर मी स्टेपलर ठेवलाय.

द्राक्षाची पानं. एकोणीस वर्षं द्राक्षाची पानं.
सुरुवातीला नुसता हिरवा रंग मोजायचे,
एका फोटोला रात्रभर घरघरणारा कॉलेजचा संगणक
आणि सकाळी उत्तर : हिरवा आहे.
मग आकडे शिकणारी यंत्रं आली, मी त्यांच्यामागून शिकले,
छाटणी ऑक्टोबरात, पेपर मार्चात,
भुरी, करपा, दावण्या
ही माझ्या वहीत रोगांच्या आधी फोल्डरांची नावं होती.

रोगट पानं हौसाक्का माळीनं गोळा केली.
सावळजच्या बागेत सहाच्या दवात ती पुढं, कॅमेरा मागं.
वेलीत हात घालून नेमकं तेच पान धरायची,
'ह्याला लागलाय. घ्या फोटू.'
चार हजार एकशे बारा पानं.
निरोगी पानं मात्र आम्ही कॉलेजच्या प्लॉटवर,
स्टँड लावून, मागं पांढरा कागद धरून घेतली.
शास्त्रशुद्ध.

सत्त्याण्णव पूर्णांक चार टक्के.
पुण्याच्या परिषदेत कुणीतरी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

डिसेंबरात मणेराजुरीहून दादासो एकुंडे यांचा फोन आला.
'मॅडम, बाग मागनं पांढरी पडली,
आणि तुमचा मोबाईल म्हणतोय, निरोगी.
आठ दिस झालं, निरोगीच म्हणतोय.'
मी म्हटलं, उजेड बघून फोटो काढा.
असं म्हटलं मी.

शिरीन मुजावर, एम.टेक.चं दुसरं वर्ष,
तिनं यंत्र कुठं बघतं ते रंगवून काढलं :
जिथं बघतं तिथं लाल.
रात्री साडेनऊला लॅबमध्ये ती काही बोलली नाही,
स्क्रीन फक्त माझ्याकडं वळवली.

पानावरचा तेलकट डाग निळा, थंड.
लाल होतं ते मनगट.
हिरवी काकणं, त्यातलं एक टवका उडालेलं,
काकणाला अडकवलेली पिन.
चार हजार एकशे बारा वेळा
यंत्र हौसाक्काचा हात ओळखत होतं
आणि आम्ही त्याला दावण्या म्हणत होतो.
काकणं नाहीत, मग निरोगी.
दादासोंच्या मनगटाला घड्याळ होतं.

सगळे हात कापून काढले. एकाहत्तर टक्के.

हौसाक्काला सांगायला गेले तर ती शेडमध्ये
बेदाण्याच्या काड्या निवडत होती.
ऐकून घेतलं, मग हसायला लागली, थांबेनाच.
'बरोबर हाय की त्याचं!
चांगल्या पानाला मी कशाला हात लावीन?'
आणि डोळे पुसता पुसता,
'पर मॅडम, तुमचं मशीन पान उलटं करून बघत न्हाई व्हय?'

बारा वर्षं आम्ही पानाची वरची बाजूच घेतली होती.
बुरशी खाली असते.
पुस्तकात आहे हे, मी शिकवलंय हे,
फळ्यावर चित्र काढून.

पुढच्या हंगामात पानं उलटी केली.
फोटो आता तिघं काढतात, हातमोजे घालून,
दोन्ही गटांत सारखेच.
ऐंशीच्या पुढं जातं, नव्वदच्या अलीकडं अडतं.
दादासोंची ती बाग मात्र गेली. त्यांनी ॲप काढून टाकलंय.

शंभर शब्द. त्यात सत्त्याण्णव लिहू, की एकाहत्तर?
'लेखक' या रकान्यात जागा तिघांची :
माझी, शिरीनची, विभागप्रमुखांची.
चौथं नाव टाइप करून बघितलं,
खाली 'संस्था' विचारते ती चौकट,
रिकामी सोडली तर फॉर्म पुढं सरकत नाही.

कापलेले हात मी पुसले नाहीत.
हार्डडिस्कवर एक फोल्डर आहे, त्याला नाव दिलेलं नाही.
कधी उघडते. पान नसलेली बोटं,
चिमूट तशीच धरलेली,
तिच्यामध्ये पांढरी चौकोनी जागा.